जिल्ह्यातली सगळ्यात मोठी वाचक

मी पान मिटलं नाही, एवढाच काय तो माझा गुन्हा. पुढे जे झालं, म्हणजे शाल झाली, नारळ झाला, फोटो झाला, कॉलनीभर माझं नाव झालं, ते सगळं त्या एका न मिटलेल्या पानातून झालं. (सांगतेय मी आणि लिहितेय माझी सून पल्लवी. ती मधूनमधून हसते, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर दोष तिचा.)

साल दोन हजार सहा. आमचं घर नाशिकरोडला, कॉलनीत, तळमजल्यावर. आमचे हे, रंगनाथ गावित, नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले. आम्ही दोघं मूळची सुरगाण्याकडची, डोंगरातली. पण पंचेचाळीस वर्षं नाशिकरोडच्या नळाचं पाणी पिऊन आता डोंगर फक्त गुडघ्यात उरलाय. चढ दिसला की दुखतो.

मला वाचता येत नाही. त्याची लाज नाही, पण दारावर पाटीही लावलेली नाही. रोज सकाळी हे पेपर वाचायचे आणि मी ऐकायची. ह्यांची वाचायची पद्धत अशी, की मोठं अक्षर मोठ्यानं वाचायचं, आणि बारीक अक्षर आलं की म्हणायचं, "बाकी नेहमीचंच." जगात जेवढं घडलं त्यातलं अर्धं मला 'बाकी नेहमीचंच' म्हणून माहीत आहे. एक मोठी लढाईसुद्धा त्यातच गेली, ते मला फार उशिरा कळलं.

आमचा शेखर मस्कतला असतो, पल्लवीचा नवरा. तो सुट्टीवर आला तेव्हा कॉम्प्युटर घेऊन दिला, तार जोडून दिली, आणि जाताना म्हणाला, "आई, तुझ्यासाठी इंटरनेटवरचा पेपर लावलाय. प्रीमियम!"

हे दचकले. "प्रीमियम? म्हणजे विमा काढला का तिचा?"

"नाही हो बाबा. पैसे भरून वाचायचा पेपर. मध्ये जाहिराती नाहीत, अक्षर मोठं, आणि जिल्ह्यातल्या सगळ्या तालुक्यांची पानं. आपल्या दारात येतो त्या पेपरात सुरगाणा नसतं ना, ह्यात असतं."

"मग माझ्या नावावर लावायचा. वाचणारा मी."

"घर तुमच्या नावावर, मीटर तुमच्या नावावर, गॅस तुमच्या नावावर," शेखर म्हणाला. "हे आईच्या नावावर."

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्या नावावर झालेली पहिली वस्तू म्हणजे पेपर! देव पण काय गमतीचा.

पहिल्या दिवशी पल्लवीनं मला खुर्चीवर बसवलं आणि सुरगाण्याचं पान लावलं. वाचायला लागली, "मोहाचा पाडा. येथील ग्रामस्थांनी श्रमदानातून..."

मी म्हटलं, "थांब. काय म्हणालीस?"

"मोहाचा पाडा."

मोहाचा पाडा माझं माहेर. पंचवीस घरं, एक झरा, आणि माझा भाऊ झुंबर. तिथल्या माणसांनाही कधीकधी वाटतं की आपण जगात नाही. आणि तो पाडा त्या काचेत उभा! मी हात पुढे केला आणि काचेला बोट लावलं. तर काच तडतडली, बोटाला चावली, हातावरचे केस उभे राहिले. पल्लवी म्हणाली, "आई, ती वीज असते, सगळ्यांनाच तसं होतं." होत असेल सगळ्यांना. मला मात्र वाटलं, गावानं ओळखलं.

तेव्हापासून रोजचा नेम झाला. पल्लवी देवळाली कॅम्पातल्या शाळेत शिकवते. सकाळी वेणी घालता घालता ती मला सुरगाण्याचं पान वाचून दाखवायची. पण बसची वेळ झाली की बातमी कुठंही असो, पर्स उचलायची. "आई, उरलेलं संध्याकाळी. तेवढं बंद करा हं!"

इथंच चुकलं.

माझा बाप थाळीवर कथा सांगायचा. आमच्याकडे काशाची थाळी घेतात, तिला मेणानं एक काडी उभी चिकटवतात, आणि काडीवरून बोटं ओढली की थाळी भुंग्यासारखी घुमते. त्या घुमण्यावर कथा चालते. त्यात एक नियम असतो. लावलेली कथा अर्धी सोडायची नाही. अर्धी सोडली तर कथेतला राजा नदीच्या मधोमध उभा राहतो. त्याला पुढे जाता येत नाही आणि मागेही येता येत नाही. एकदा बापाला हिवताप भरला तरी त्यानं राजाला काठाला लावलं, मगच गोधडी घेतली.

आता पल्लवी अर्ध्यावर उठून गेलेली. बातमीतली माणसं तिथंच उभी. कुणाचा बैल हरवलेला, सापडला की नाही माहीत नाही. आणि मी वरून झाकण लावू? माझ्यानं नाही झालं. मी पान उघडंच ठेवलं.

काच थोड्या वेळानं आपोआप काळी व्हायची. मग मी माऊस हलवायची, की पान परत हजर. हलवता हलवता मला एक शोध लागला. तो बाण फिरवला की कुठंकुठं त्याचा इवलासा हात होतो. आणि हात झाला की दाबायचं! दाबलं की नवं पान. नवी माणसं, नवे फोटो. कुठं बर्फ, कुठं विमान, कुठं एकाच वेळी शंभर माणसं टोप्या हवेत फेकतायत. मी भाजी निवडत बसायची, शेंगा फोडत बसायची, आणि हात दिसला की दाबायची. अहो, काय जग आहे! इतकं मोठं, आणि सगळं एका टेबलावर, विणलेल्या रुमालाखाली ठेवता येईल एवढं. मी फोटोतल्या माणसांकडे बघत राहायची. ती पण माझ्याकडे बघायची. कुणीच 'बाकी नेहमीचंच' म्हणत नव्हतं.

तीन महिन्यांनी फोन आला. घरात मी एकटी. एक मुलगा अदबीनं बोलला, "बयाबाई गावित मॅडम आहेत का?"

मला जन्मात कुणी मॅडम म्हणालं नव्हतं. मी मागं वळून बघितलं, पल्लवी आली की काय म्हणून.

"मीच."

"मॅडम, मी पेपरच्या ऑफिसातून अमित बोलतोय. तुम्ही आमच्या प्रीमियम सभासद आहात. आमच्याकडे मोजणी होते, कोण किती पानं उघडतं त्याची. मॅडम, पूर्ण नाशिक जिल्ह्यात तुमच्याइतकं कुणीच वाचत नाही! रोज बारा-बारा तास! एकेका दिवशी तीनशे पानं!"

मला वाटलं, पकडलं. वाचणाऱ्यांसाठीची जागा, तिथं न वाचणारी बाई घुसून बसली, हे त्यांना कळलंय. आता पेपर तोडणार. मोहाचा पाडा गेला!

"तुम्ही सगळं वाचता का हो?"

"सगळं," मी म्हटलं. (भीतीनं माणूस काय बोलतो, त्याला काय हिशेब.)

"क्रीडा पण?"

"पण."

"शेअर बाजार?"

"तो तर आधी."

मग तो मुलगा भारावून म्हणाला, "मॅडम, आम्हाला घरी येऊन तुमचा सत्कार करायचाय. येत्या रविवारी चार वाजता. छोटासाच. तुम्ही एखादी आवडती बातमी वाचून दाखवा, आम्ही फोटो काढतो."

मी नको म्हणायला तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं, "या की. पोहे करते."

संध्याकाळी घरात कोर्ट भरलं. हे येरझारा घालत होते. "अगं, शेअर बाजार काय असतो ते तरी माहीत हाय का तुला?"

"बाजार असंल एखादा. मोठा."

"खरं सांगून टाक त्यांना."

"आणि पेपर बंद केला तर? सुरगाण्याचं पान तुम्ही वाचून दाखवणार?"

ह्यांनी आणखी दोन येरझारा घातल्या. मग म्हणाले, "डोळ्याला पट्टी बांध. मोतीबिंदू काढला म्हणून सांग."

"शेजारी लंकाबाई राहते, विसरलात? काल तिच्या समोर सुईत दोरा ओवला मी."

लंकाबाई म्हणजे आमच्या कॉलनीचं आकाशवाणी केंद्र. सातवी पास. सोसायटीच्या बोर्डावर नोटीस लागली की ती मोठ्यानं वाचते, मग माझ्याकडे वळून म्हणते, "तुमच्यासाठी वाचलं हो, बयाबाई." तिला सत्काराचं आधीच कळलं होतं. (ह्यांनीच सांगितलं होतं. छाती फुगवून. मग घरी येऊन येरझारा.)

शेवटी पल्लवीनं तोड काढली. "आई, तुम्ही एकदा ऐकलं की विसरत नाही. मोहाच्या पाड्याला पहिली एसटी आली ती बातमी मी तुम्हाला तीनदा वाचून दाखवलीय. तीच लावून देते. समोर बघायचं, ओळीवर बोट फिरवायचं आणि बोलायचं."

तालीम सुरू झाली. मी बोट फिरवत बोलायला लागले. दोन ओळी झाल्या आणि पल्लवी ओरडली, "आई, हे काय? उलटं का येताय?"

"उलटं कुठं? ह्या टोकाला पोचले, वळले, परत निघाले. नांगर कसा येतो?"

"वाचताना तसं नसतं. ओळ संपली की बोट उचलायचं आणि पुन्हा डावीकडून सुरू करायचं."

"म्हणजे परतीची चक्कर मोकळीच? अर्धी मेहनत वाया!"

हे कॉटवर बसून पोट धरून हसत होते. चार दिवस मी डावीकडून उजवीकडे, डावीकडून उजवीकडे बोट ओढत होते. स्वप्नात बैलसुद्धा तसेच चालायला लागले.

रविवार उजाडला. घरात खुर्च्या कमी पडल्या, बायका सतरंजीवर बसल्या. पुढच्या रांगेत लंकाबाई, चष्मा पुसून. अमित आला. पंचविशीचा, कॅमेरा गळ्यात, पायातले बूट दाराबाहेर काढून त्यानं मला वाकून नमस्कार केला. माझं अंग शरमेनं आकसलं. शाल घातली, नारळ दिला. हे दारात उभे राहून प्रत्येकाला सांगत होते, "तीनशे पानं. रोजची."

पोहे झाले, आणि लंकाबाई गोड आवाजात म्हणाली, "आता वाचन होऊ द्या. आम्ही काही ऐकलं नाही बयाबाईंचं वाचन अजून."

पल्लवीनं पान लावलं. मी खुर्चीत बसले, पदर सारखा केला, बोट काचेला लावलं. काच चावली. मी सुरू केलं. "सुरगाणा, वार्ताहर. तालुक्यातील मोहाचा पाडा येथे सोमवारी प्रथमच एसटी बस पोहोचली..."

पहिली ओळ झाली. बोट उचललं, डावीकडे आणलं. दुसरी झाली. पल्लवीनं मागून हळूच श्वास सोडला. लंकाबाई चष्म्यातून एकदा काचेकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती.

आता खरं सांगते. तिसऱ्या ओळीला काय झालं ते माझं मला कळलं नाही. एसटी घाटाला लागली आणि मला घाट दिसायला लागला. माझे डोळे मिटले. बाप कथा सांगताना मिटायचा, तसेच मिटले. आणि आवाज त्या थाळीच्या चालीवर गेला. लाल गाडी आली, वळणावर थांबली, ड्रायव्हरानं खाली उतरून दरी बघितली. गावातल्या बाया नऊवारी नेसून आरती घेऊन उभ्या. गाडीला कुंकू कुठं लावायचं? कपाळ कुठलं हिचं? झुंबर म्हणाला, काचेच्या खाली, दोन दिव्यांच्या मध्ये. म्हाताऱ्या सखुबाईनं गाडीच्या चाकावर पाणी घातलं, लांबून आलीय, पाय धुवायला नकोत? कंडक्टरनं घंटी मारली तर पोरं पळाली आणि कोंबड्या गाडीत चढल्या...

कथेला हुंकार लागतो. समोरून कुणी 'हं' म्हटलं नाही तर कथा पुढे सरकत नाही. आणि मला दारातून हुंकार आला, "हंऽऽ." ह्यांचा आवाज! पंचेचाळीस वर्षं पँट घालून फिरलेला माणूस, पण हुंकार बरोबर जागेवर दिला. मग सतरंजीवरून दुसरा आला, तिसरा आला. सगळी खोली हं हं करायला लागली आणि माझी एसटी चढत गेली, चढत गेली, आणि एकदाची पाड्याच्या मोहाच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली.

मी डोळे उघडले.

समोर काच काळी. काळी म्हणजे कुळकुळीत. त्यात माझंच तोंड दिसत होतं, आणि माझं बोट माझ्याच नाकावर.

मी माऊस हलवला. काही नाही. परत हलवला.

"बयाबाई," लंकाबाई म्हणाली, "लाईट जाऊन पाव तास झाला. पंखापण बंद हाय."

लोडशेडिंग! रविवारी आमची लाईट सहाला जायची, त्या दिवशी आधीच गेली होती. बाहेर एक रिक्षा सुरू होत नव्हती, तिचा आवाज तेवढा येत होता.

अमित माझ्याकडे बघत होता. हळूच म्हणाला, "आजी, ही बातमी मीच लिहिलेली आहे. सहा ओळींची आहे ती. तुम्ही पाव तास काय वाचत होतात?"

मॅडमची आजी झाली तेव्हाच मी ओळखलं. आता लपवायला काय उरलं होतं? मी अंगावरची शाल काढली, घडी घातली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"बाबा, मला एक अक्षर येत नाही. हात दिसला की मी दाबते, एवढंच. कथा अर्धी राहू नये म्हणून पान उघडं ठेवते. तू पेपर काढून घेणार असशील तर घे, पण एक कर. सुरगाण्याचं तेवढं पान ठेव. ते मी उघडणार नाही, सून उघडेल. मी नुसती ऐकेन."

बोलताना माझा आवाज फुटला. लंकाबाईसमोर फुटला, ते जास्त वाईट वाटलं.

अमितनं शाल उचलली आणि उठून परत माझ्या खांद्यावर घातली. "आजी, मी त्या पाड्यावर गेलोच नव्हतो. डेपोतून फोनवर विचारून लिहिलं होतं. गाडी कशी चढली ते आज कळलं मला." मग त्यानं वही काढली. "सभासद तुम्हीच राहणार. आणि आता तुमच्यावर लिहिणार आहे मी. सहा ओळी नाही, पूर्ण पान."

"माझं न वाचता येणं पण लिहिणार?"

"सुरुवातच तिथून करतो. मग थाळीची कथा, तुमचे वडील, तुमचं पाठांतर, ही एसटी, सगळं. वाचणारा उभा राहून टाळ्या वाजवेल, बघा."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान हलवली. मी म्हटलं, "लिही मग."

तीन दिवसांनी इंटरनेटवरच्या पेपरात लेख आला. पल्लवीनं सकाळी वेणी तशीच सोडून मला पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. बस चुकली तिची, पण वाचला. पूर्ण पान! माझ्या बापाचं नाव त्यात, मोहाच्या पाड्याचं नाव त्यात. काय एकेक शब्द लिहिले होते पोरानं! मला रडू आलं, ह्यांना आलं, पल्लवीलाही आलं. मी नवी साडी नेसले आणि दुपारी मुद्दाम कॉलनीतून एक फेरी मारली, लोक काय म्हणतात ते ऐकायला.

लोक बोर्डापाशी उभे होते. लंकाबाईनं भाच्याकडून सायबर कॅफेतून एक कागद छापून आणला होता आणि सोसायटीच्या बोर्डावर चार टाचण्या मारून लावला होता. वर माझा हा एवढा फोटो, खाली थोडं अक्षर.

मला बघून ती म्हणाली, "या, या. तुमचंच आलंय. तुमच्यासाठी वाचते हो." आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं तिनं वाचलं, "'नाशिकरोडच्या बयाबाई गावित ह्या जिल्ह्यात सर्वाधिक पानं उघडणाऱ्या वाचक आहेत. त्यांना एकही अक्षर वाचता येत नाही. पण...'"

ती थांबली.

"पण काय?" मी विचारलं. "पुढे वाच ना! पुढंच तर सगळं हाय!"

"पुढे नाही काही. पुढे कुलपाचं चित्र हाय. आणि खाली लिहिलंय, 'उर्वरित मजकूर फक्त प्रीमियम सभासदांसाठी.'"

म्हणजे माझं अक्षरशत्रू असणं जगाला फुकट. आणि माझं जे काही कौतुक, ते सगळं 'पण'च्या पलीकडे, पैसे भरणाऱ्यांना.

मी तरातरा घरी आले. ह्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, "आता गल्लीत विचारून आले एकेकाला. प्रीमियम कुणाकडेच नाही. पुढचं वाचायचा हक्क असलेलं अख्ख्या कॉलनीत एकच माणूस हाय, आणि ते म्हणजे मी!"

ह्यांनी पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही.

"मग वाच की," म्हणाले.